गोपीचंदचा खडक

मातीच्या तपासणीचा अहवाल गोपीचंद कापगतेने पहिल्याच दिवशी फुटाणे खायला घेतला. वीस-बावीस पानांचा तो अहवाल प्लास्टिकच्या फायलीत नीट लावून ओमेश्वरीने त्याच्या हातात दिला होता आणि "काका, एकदा नजर टाका," असं अदबीने म्हटलं होतं. त्याने नजर टाकली. पहिलं पान फाडलं, त्याची पुडी केली, खिशातले फुटाणे तिच्यात ओतले आणि उरलेली फाईल बुडाखाली घेऊन बसला.

"मेहनत केली म्हनावं लिहिनाऱ्याईन," तो म्हणाला. "कागद जाड आहे."

ओमेश्वरी रहांगडाले साइटवरची इंजिनीअर होती. वय चोवीस, गोंदियाला डिप्लोमा केलेला, रोज कुडव्याहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर स्कूटी चालवत यायची. तिने फाटलेल्या पानाकडे पाहिलं आणि फाईल परत मागितली. गोपीचंदने जरासं अंग उचलून ती दिली.

काम होतं बेहडाटोल्याच्या पाण्याच्या उंच टाकीचं. टाकीला जागा मिळाली ती जुन्या बोडीची. धानाला पाणी देणारं हे गावचं लहान तळं बारा वर्षांपूर्वी मुरूम टाकून बुजवलं होतं, कारण गावातल्या शहाण्यांना क्रिकेटचं मैदान पाहिजे होतं. मैदानावर क्रिकेट कोणी खेळलं नाही. काही वर्षं म्हशी बसल्या, मग एका कडेला अंगणवाडीची टिनाची खोली आली आणि आता खोलीला लागून टाकी यायची होती. वर मुरूम, त्याखाली बोडीचा काळा गाळ, त्याखाली चिकणमाती. असल्या जमिनीवर साधा पाया टिकत नाही. म्हणून जमिनीत खोल भोकं पाडायची, ती खडकापर्यंत न्यायची, आत सळ्यांचा पिंजरा सोडून काँक्रीट भरायचं आणि त्या बारा पाइलांवर टाकी उभी करायची, असं ठरलं होतं. भोकाचं बूड खडकावर टेकलं नाही, तर पाण्याने भरलेली टाकी एका अंगाला कलणार. पूर्वेच्या अंगाला अंगणवाडी होती. हे सगळ्यांना माहीत होतं आणि गोपीचंदला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

कारण तो उस्ताद होता. तीन पायांच्या लोखंडी तिपाईवरून एक जाड तार भोकात उतरते, तिच्या टोकाला टनभर वजनाची छिन्नी असते. विंच, म्हणजे तार ओढणारं यंत्र, ती उचलतं आणि सोडतं, दिवसभर. मधूनमधून छिन्नी बाहेर काढून तळाला झडप असलेलं लांब डबडं आत सोडतात, त्याला बेलर म्हणतात, आणि सुटलेला चिखल वर काढतात. उस्तादाने तारेवर पंजा ठेवून उभं राहायचं. माती असली तर तार मऊ हलते, मुरूम असला तर करकरते आणि खडक लागला की झटका मनगटातून थेट खांद्यात येतो. तो झटका गोपीचंदच्या ओळखीचा होता. तो आला की दुसरा हात वर करून तो "खडक" म्हणायचा आणि विंच थांबायचं. गोंदियाच्या निम्म्या राइस मिलच्या चिमण्या आपल्या शब्दावर उभ्या आहेत, असं तो सांगत असे. निम्म्या नसतील, पाच-सहा असतील. पण त्यातली एकही कलली नव्हती, हे खरं होतं, आणि तीस वर्षांत या एका खऱ्या गोष्टीने त्याचं डोकं पार बिघडवून टाकलं होतं.

इंजिनीअर म्हणजे घरचा डबा साइटवर आणून खाणारी जमात, असं तो मानी. सरपंच फोटोत येण्यासाठी जन्मलेला. ठेकेदार लीलाधर पोटापुढे काही न दिसणारा. विंच चालवणारा रामलाल डोंगरगढकडचा, म्हणजे त्याला तर मोजायचंच नाही, मग अकरा वर्षं तो सोबत असला म्हणून काय झालं. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर गोपीचंदचं घराणं, पिढ्यान्‌पिढ्या तळी बांधणाऱ्या कोहळ्यांचं. ही बोडी त्याच्या पणज्याच्या बापाने बांधली होती. "पोवारायले नांगर समजते. पानी समजाले कोहळीच लागते," हे वाक्य तो ओमेश्वरीसमोर रोज एकदा म्हणायचा, कारण ती पोवारांची. स्वतः त्याने आयुष्यात धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे साधा मातीचा बांधही, घातला नव्हता. पावसाळ्यात धुरा फुटला की त्याची बायको धुरपताबाई चिखलात उतरून घालायची आणि तो वरून, कुठे किती माती टाकायची, ते सांगायचा.

पहिलं पाइल पूर्वेच्या कोपऱ्यात घेतलं, अंगणवाडीच्या अंगाला. सकाळी आठला छिन्नी पडू लागली. मुरूम झटक्यात गेला, खाली काळा गाळ लागला, बेलरमधून वास मारणारा चिखल यायला लागला. दहाच्या सुमाराला खालून ठण्ण आवाज आला. दुसऱ्या ठोक्याला पुन्हा ठण्ण. गोपीचंदने तारेवरचा पंजा घट्ट केला, डोळे मिटले, जे त्याला करायची काही गरज नव्हती पण बघणारे असले की तो करायचा, आणि हात वर केला.

"खडक."

रामलालने विंच थांबवलं. ओमेश्वरीने टेप सोडून खोली मोजली.

"चार मीटर वीस," ती म्हणाली. "काका, अहवालात चौदा मीटर आहे."

"तुह्या अहवालावर मी बसून पाह्यलो, बाई. मले तठी काही खडक नाही लागला."

रामलाल हसला. ओमेश्वरी हसली नाही. "तपासणीवाल्यांचं भोक मैदानाच्या मधोमध होतं, हे मान्य," ती म्हणाली. "पण एका कोपऱ्यात दहा मीटरचा फरक? आपण आणखी एक मीटर मारून पाहू. खडक असेल तर छिन्नी जाणारच नाही. आपलं काय बिघडतं?"

मागणी साधी होती, म्हणूनच ती गोपीचंदला झोंबली. वेडंवाकडं काही बोलली असती तर त्याला आवडलं असतं.

"माह्या खडकाच्या खाली आजवर कोनी उतरला नाही," तो म्हणाला.

"फक्त खात्री—"

"मंधात बोलाचं नाही, पोरी. तू जनमली नव्हती तवापासून हा हात तारेवर आहे. रामलाल, ऐक. एक चोट बी जादा मारशील नोको. खडक फुटला त पाइल कायच्यावर बसवतीन? हिच्या फायलीवर?"

एवढ्यात लीलाधर आला. गोंदियाहून पांढऱ्या गाडीतून, तोंडात खर्रा, आणि गाडीतून उतरायच्या आधीच त्याला बातमी लागलेली होती. चौदाच्या ठिकाणी चार. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो पाहून कोणालाही वाटलं असतं की या माणसाला नातू झाला. "गोपीचंदभाऊ," तो म्हणाला, "तुमने बोल दिया मतलब पत्थर की लकीर. मॅडम, लिख लो. तीन बजे पिंजरा उतारेंगे, चार बजे काँक्रीट." ओमेश्वरीने अहवाल पुढे केला. लीलाधरने तो हातातही घेतला नाही. त्याला वाचायला येत होतं, पण नफा होत असताना वाचत बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

ओमेश्वरी रजिस्टर घेऊन विटांच्या ढिगावर बसली. थोडा वेळ लिहीत राहिली आणि मग वर बघून म्हणाली, "काका, जागेची माहिती लिहावी लागते. बोडीची पाळ कुठून जात होती? सपाट केल्यावर काहीच कळत नाही."

तिने हे सहज विचारलं की मुद्दाम, हे सांगणं कठीण आहे. गोपीचंदला मात्र विचार करायची गरजच वाटली नाही. कोणी घराण्याबद्दल विचारलं, की धुरा फुटावा तसं त्याचं तोंड सुटायचं.

"ये अठी," तो म्हणाला आणि मैदानाच्या उत्तर टोकाला गेला. तिथे बेहड्याच्या झाडाखाली शेंदूर लावलेला दगड होता. बोडी बुजवणाऱ्यांनी सगळं उकरलं होतं, देवाला मात्र हात लावला नव्हता. "पाळ अठून निंगे. सरकी, नाकासमोर, दक्षिनेकडे. आन मंधात तुडुम. तुडुम मालूम आहे का?"

"पाणी सोडायची मोरी."

"मोरी म्हंते. गटाराचं नाव घेतल्यासारखी." गोपीचंदने कीव आल्यासारखं पाहिलं. "अवं, दगडाचा दरवाजा असे तो. खाली भोक, भोकात लाकडाचा दट्ट्या. बोडी भरली का मानूस बुडी मारून दट्ट्या काढे, तवा बांधीत पानी जाये. गढूळ पान्यात काही दिसत नसे. मून आमच्या आज्यान पावलं पाठ करून ठेवले होते. देवापासून बत्तीस. लहानपनी आमाले रोज मोजाले लावे. कमी-जास्त झालं का कानफाडात."

"आणि दगडाचा दरवाजा गाळात खचत नव्हता?"

हा प्रश्न ऐकून तो इतका खूष झाला की त्याने तिच्याकडे जवळजवळ प्रेमाने पाहिलं. "आता विचारली अकलेचं. खचू नये मूनच त आधी खाली शिळा टाकल्या. अशा एक-एक शिळा का चार बैल लागत ओढाले. त्यायचा थर देला आन त्याच्यावर तुडुम उभा केला. सव्वाशे वर्षं हालला नाही. तुमच्या कालेजात शिकवतेत का हे? चाल, दाखवतो तुले."

आणि तो निघाला. हात मागे बांधून, मोठ्याने मोजत, प्रत्येक पाऊल ठासून टाकत. रामलाल आणि बाकीचे मजूर काम नसल्याने बघत बसले होते, लीलाधर फोनवर बोलत बघत होता. बारा झाली, पंधरा झाली. अठरा-एकोणीसला त्याने मान वर केली आणि समोर पाहिलं. समोर तिपाई होती. त्याच्या नाकाच्या रेषेत, तिचे तीन पाय, खाली लोंबणारी तार आणि तारेखाली भोक.

एकविसाव्या पावलाला त्याचा आवाज बारीक झाला. चोविसाव्याला तो मनातल्या मनात मोजू लागला. इथून तिपाईपर्यंत किती पावलं उरली, ते डोळ्यांनी मोजायला त्याच्यासारख्याला वेळ लागत नव्हता. आठ. चोवीस आणि आठ किती होतात, हे अंगणवाडीच्या पोरांनीही सांगितलं असतं. सकाळी मनगटातून खांद्यात आलेला झटका कुठून आला होता, ते त्याला त्या क्षणी लख्ख कळलं. पणज्याच्या बापाने गाळात टाकलेल्या शिळांवर छिन्नी आपटली होती आणि त्या शिळांच्या वारसाने हात वर करून त्यांना खडक म्हटलं होतं.

दुसऱ्या कोणाच्याही शिळा असत्या तर त्याने ओळखल्या असत्या. निदान शंका तरी घेतली असती. आपल्याच घरच्या दगडाने आपल्याला फसवावं, ही शक्यता त्याच्या हिशेबातच नव्हती.

एवढं कळल्यावर सरळ माणसाने काय केलं असतं ते सांगायला नको. गोपीचंदने आणखी दोन पावलं टाकली, थोडं डावीकडे सरकला आणि थांबला.

"अठी," तो म्हणाला. "अठी होता तुडुम."

"सव्वीस झाली, काका," ओमेश्वरी म्हणाली.

"म्हातारपनी पाऊल लांब पडते."

म्हातारपणी पाऊल आखूड पडतं, हे तिथे बसलेल्या म्हशींनाही माहीत होतं. पण उस्तादाशी वाद कोण घालणार? ओमेश्वरीने रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिलं आणि ती डबा खायला निघून गेली.

गोपीचंद घरी जेवायला गेला. धुरपताबाई अंगणवाडीत मदतनीस होती. पोरांची खिचडी आटोपून नुकतीच आली होती. तिने भात वाढला, लाखोळीच्या डाळीचं वरण वाढलं आणि समोर बसली.

"टाकी झाली का बरं होईन," ती म्हणाली. "दुपारी टीन असा तापते का पोरं झोपत नाही. टाकीची सावली दुपारी सरकी आमच्या खोलीवर येईन. मी नापून पाह्यली."

"तू कायले नापतेस?"

"काऊन? तुमीच नापाचं काय सारं?" ती हसली. "पोराईले सांगितलं मी. म्हनलं, आजोबानं खडक काढला, आता घट्ट बसन टाकी. सारे टाळ्या वाजवून राहिले होते."

गोपीचंदने घास खाली ठेवला. "वरनात मीठ नाही," तो म्हणाला.

वरणात मीठ होतं. धुरपताबाईने त्याच्याकडे पाहिलं, उठली आणि चिमूटभर मीठ आणखी टाकलं. मग ते खारट वरण त्याला सगळं संपवावं लागलं.

साइटवर परतताना त्याने मार्ग काढला. मार्ग असा होता की काम थांबवायचं, पण चुकलो म्हणायचं नाही. साठ वर्षांच्या माणसाने एवढ्या उन्हात एवढा विचार फक्त तेवढ्यासाठी करावा, याचं त्याला काही वाटलं नाही.

आधी तो लीलाधरकडे गेला. "सेठजी, खडक मले थोडा कच्चा वाटून राहिला."

"अरे भाऊ, आपका कच्चा भी दूसरों के पक्के से पक्का," लीलाधर म्हणाला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

"उद्या भरू म्हनतो. आज वारा आहे."

"काँक्रीट को हवा से क्या?" लीलाधर खो खो हसला. उस्ताद गंमत करतोय, असं त्याला वाटलं. उस्तादाच्या बोलण्यात भीती असू शकते, हे त्याला कसं कळावं? तीस वर्षांत कोणी ती ऐकलीच नव्हती.

मग गोपीचंद रामलालकडे गेला. त्याने खालच्या आवाजात सांगितलं, की पिंजरा सोडायच्या आधी तासभर छिन्नी मार, तळ साफ व्हायला पाहिजे.

रामलाल तंबाखू मळत होता. "आपने ही तो बोला था उस्ताद, एक चोट भी जादा नहीं," तो म्हणाला. "खडक फूट जाएगा."

"मी सांगून राहिलो ना."

"सबेरे भी आपने ही बोला था." रामलालने तंबाखू तोंडात टाकली. त्याच्या चेहऱ्यावर आज्ञाधारकपणाशिवाय काहीही नव्हतं. अकरा वर्षं शिव्या खाऊन त्याने तो चेहरा कमावला होता.

शेवटी गोपीचंद ओमेश्वरीच्या समोर जाऊन उभा राहिला. ती पुन्हा विटांच्या ढिगावर येऊन बसली होती. सकाळी हिला बोलायची किती घाई होती. आता एक शब्द बोलली असती, एकदा म्हणाली असती की काका, मीटरभर मारून पाहूच, तर त्याने मोठं मन करून, हात झटकून, घ्या बाप्पा तुमच्या समाधानासाठी, असं म्हटलं असतं आणि सगळं निभावलं असतं. पण ती लिहीत होती.

"काऊन, आता गप्प काऊन?" तो म्हणाला. "अहवालात चौदा आहे ना?"

"हो."

"मंग बोल ना सेठले."

"तुम्हीच म्हणालात, मध्ये बोलायचं नाही." तिने मान वर केली. तिच्या नजरेत राग नव्हता. त्याने स्वतः आयुष्यभर लोकांकडे ज्या नजरेने पाहिलं होतं, तीच ती नजर होती, आणि ती समोरून कशी दिसते ते त्याला आज पहिल्यांदा कळलं.

तीन वाजले. सळ्यांचा पिंजरा सहा जणांनी उचलून भोकाच्या तोंडाशी आणला. अंगणवाडीच्या दारात धुरपताबाई उभी होती. सुटी झाल्यावरही घरी न गेलेली चार-पाच पोरं तिच्या लुगड्याला धरून उभी होती. गोपीचंद एकदा पिंजऱ्याकडे बघत होता, एकदा भोकाकडे. पिंजऱ्याचं टोक आत उतरायला लागलं.

"थांबा," तो म्हणाला.

कोणी थांबलं नाही. आवाज इतका हळू निघाला होता की तो त्यालाच नीट ऐकू आला नाही.

"थांबा म्हनलो ना. खडक नोहे तो."

पिंजरा थांबला. लीलाधर पुढे आला. "खडक नहीं तो क्या है?"

"तुडुम आहे. आमचा तुडुम. त्याच्या खालच्या शिळा आहेत."

लीलाधरने थोडा विचार केला. त्याला विचार करताना बघणं फार त्रासाचं होतं. "शिला मतलब पत्थर," तो म्हणाला. "सव्वाशे साल नहीं हिला ना? तो उसी पे बैठा दो."

"दगडी दरवाज्याचं वजन वेगळं आन भरल्या टाकीचं वेगळं, सेठजी. खाली दहा मीटर गाळ आहे."

"सबेरे तो खडक था."

तेव्हा ओमेश्वरी ढिगावरून उठली, रजिस्टर घेऊन आली आणि ते उघडून लीलाधरसमोर धरलं. "सेठजी, उस्तादांनी खडक नाही असं लिहून दिलं, तर त्यावर काँक्रीट टाकता येणार नाही. टाकी कलली की पहिलं हेच पान काढतील," ती म्हणाली. लीलाधरने खर्रा थुंकला. त्याला वाचायचं नसलं तरी लिहिलेल्याची भीती होती. मग ती गोपीचंदकडे वळली. "काका, सकाळी दहाला तुमच्या नावावर 'खडक' लिहिलंय. आता 'खडक नाही' लिहिते. मधे काय झालं? कारण लिहावं लागतं."

"लिही का... दगड होता."

"दगड सकाळीही होता."

"लिही का तपासलं."

"कोणी तपासलं? छिन्नी तर पुन्हा पडलीच नाही."

मजूर पिंजरा धरून ताटकळले होते. रामलाल विंचवर बसून ऐकत होता. धुरपताबाई दारातून चार पावलं पुढे आली होती, पोरांसकट. खोटं बोलायला अजून दोन-तीन वाटा होत्या आणि गोपीचंदने त्या मनात चालून पाहिल्याही. प्रत्येक वाट बत्तीस पावलांवर त्याच भोकाशी येत होती.

"लिही," तो म्हणाला. "उस्ताद चुकला."

तिने लिहिलं. तेवढेच दोन शब्द. त्याने त्याखाली सही केली. धुरपताबाईने एका पोराचं नाक पुसलं आणि सगळ्यांना घेऊन ती परत खोलीत गेली.

पिंजरा बाजूला काढला आणि छिन्नी पुन्हा पडायला लागली. सव्वा तास ठण्ण ठण्ण चाललं. पाचच्या सुमाराला एक ठोका पोकळ वाजला, तार एकदम सैल पडली आणि छिन्नी हातभर खाली गेली. बेलरमधून शिळेच्या कपच्या आल्या आणि त्यांच्यामागून काळाकुट्ट चिखल, सकाळच्यापेक्षा पातळ. त्यावर टाकी बसवणार होते. लीलाधर भोकाकडे बघत राहिला, मग फोन काढून गाडीत जाऊन बसला. उस्तादाकडे बघायचं त्याने टाळलं. लाज वाटून नव्हे, उपयोग संपला म्हणून.

पुढचे दोन दिवस साइटवर मजा होती. कोणाच्या पायाला ठेच लागली की दुसरा हळूच "तुडुम" म्हणायचा. डब्यात खडा निघाला तरी तुडुम. रामलाल कधी म्हणाला नाही, पण हसायचा सगळ्यांत आधी. गोपीचंद ऐकून न ऐकल्यासारखं करत तारेजवळ उभा राहायचा. शिव्या देणं त्याने थांबवलं होतं. शिव्या द्यायच्या तर ऐकणारा आधी दबलेला असावा लागतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तेरा मीटरच्या खाली आवाज बदलला. आधी करकर, मग ठण्ण. गोपीचंदचा पंजा तारेवर होता. झटका मनगटातून खांद्यात आला, पूर्ण, स्वच्छ, जसा तीस वर्षं येत होता. हा खडक होता. त्याच्या सगळ्या अंगाला ते कळलं. पण तुडुमाचा झटकाही अगदी असाच आला होता, तसूभर कमी नाही, आणि त्या वेळीही सगळ्या अंगाला असंच कळलं होतं. त्याने दुसरा हात उचलला. कमरेपर्यंत आला आणि तिथेच राहिला.

रामलाल त्याच्याकडे बघतच नव्हता. तो ओमेश्वरीकडे बघत होता.

ती घाईत नव्हती. तिने बेलर काढायला लावला, त्यातल्या कपच्या पाण्यात धुतल्या, बोटांनी दाबून पाहिल्या, एक हातोडीने फोडली. अर्धा तास आणखी छिन्नी मारायला लावली आणि टेप सोडला. छिन्नी जेमतेम चार सेंटिमीटर खाली गेली होती. पुन्हा अर्धा तास. तीन सेंटिमीटर. तिने फाईल काढली, पहिलं पान नसलेली, त्यातल्या एका तक्त्यावर बोट ठेवून बघितलं आणि वर न बघताच म्हणाली, "खडक."

विंच थांबलं.

मजूर पिंजरा आणायला धावले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी हसलंही नाही. खडक लागला होता, पुढचं काम होतं. गोपीचंद तसाच उभा होता, पंजा तारेवर, खालचं काहीतरी अजून ऐकू येईल अशा बेताने.

"काका, हात काढा," ओमेश्वरी म्हणाली. "तार वर घ्यायची आहे."

त्याने हात काढला.